खोट सांगा, खोटं नको!

उस्मानपुऱ्यात पाच हजार रुपयांचं पान मिळतं, माहीत आहे का? तारा पान सेंटरचं 'कोहिनूर'! खास नव्या जोडप्यांसाठी. देशभरचे कॅमेरे या पानासाठी आपल्या छत्रपती संभाजीनगरात येऊन गेले. व्हिडिओ व्हायरल झाले, पण त्यातला एक घटक कोणता, हे गुपित दुकानाने फोडलेलं नाही. पानाला गुपित शोभतं. रंगतंसुद्धा! डेटिंग प्रोफाईलला मात्र ते रंगत नाही, आणि याला पुरावा थेट हार्वर्डचा आहे. तो पुढे येतोच.

आधी जरा आजूबाजूला बघा. उस्मानपुऱ्यात शासकीय तंत्रनिकेतन, पलीकडे स्टेशन रोडवर देवगिरी कॉलेज, अधेमधे क्लासेस, हॉस्टेल्स, कॅफे. संत एकनाथ रंगमंदिरही इथलंच. नाटक रंगमंदिरात, बाकी सगळं फोनमध्ये! इथला प्रत्येक तिसरा अंगठा उजवीकडे-डावीकडे सरकत असेल, तर नवल नाही. आणि या शहराची एक खासियत. इथे थाप फार लांब जात नाही. क्रांती चौक ओलांडायच्या आत तुमच्या मॅचचा आतेभाऊ तुमच्याच बॅचचा निघतो!

तर, स्वाइप करत जाऊ या.

इंग्लंडमधली लग्नाची पहिली गाजलेली जाहिरात किती जुनी, माहीत आहे का? १६९५ सालची! लंडनच्या जॉन हॉटन यांच्या शेती-व्यापाराच्या पत्रकात ती आली. तीस वर्षांचा एक गृहस्थ, आपली मालमत्ता उत्तम आहे 'असं म्हणणारा', सुमारे ३,००० पौंड बाळगून असलेली तरुणी शोधत होता. 'असं म्हणणारा' हे शब्द बघा. म्हणजे पहिल्याच प्रोफाईलपासून प्रश्न तोच : हा खरं बोलतोय का?

आणि बरोबर ३०० वर्षांनी, १९९५ मध्ये, अमेरिकेत मॅच डॉट कॉम सुरू झाली. कॅलेंडरलाही टायमिंगचा सेन्स असतो!

मधे आणखी एक स्टेशन लागलं. १९६५, हार्वर्ड. काही विद्यार्थ्यांनी 'ऑपरेशन मॅच' काढलं. ३ डॉलर भरा, प्रश्नावली सोडवा, आयबीएमचा कॉम्प्युटर तुमची जोडी शोधणार. आपल्याकडे नव्वदच्या दशकात अनुपम मित्तल यांनी 'सगाई डॉट कॉम' काढली. तीच पुढे शादी डॉट कॉम झाली. सगाईनंतर शादी, क्रम अगदी बरोबर!

आता थापांच्या विश्वविक्रमाकडे.

२००८ सालचा अभ्यास. कॅटलिना टोमा, जेफ्री हॅनकॉक आणि निकोल एलिसन या संशोधकांनी न्यूयॉर्कमध्ये ऑनलाइन डेटिंग करणाऱ्या ८० जणांना बोलावलं. उंचीला टेप लावली, वजनाला काटा लावला, वयासाठी ड्रायव्हिंग लायसन्स पाहिलं. मग प्रोफाईलशी ताळा केला. ८१ टक्के लोकांनी या तीनपैकी निदान एका गोष्टीत थाप मारलेली! सर्वाधिक थापा वजनाबद्दल, सगळ्यात कमी वयाबद्दल. पुरुष उंचीत वाढले, बायका वजनात घटल्या. दिलासा एवढाच की बहुतेक थापा इवल्याशा होत्या. समोरासमोर भेटल्यावर पटकन लक्षात येणार नाहीत इतपत. माणूस थापही हिशेबाने मारतो!

ओकेक्यूपिड नावाच्या डेटिंग साइटने २०१० मध्ये स्वतःचाच डेटा उघडा केला. पुरुषांची प्रोफाईलवरची उंची खऱ्या लोकसंख्येच्या मानाने साधारण दोन इंच जास्त. आणि फोटो? जितका भारी, तितका जुना असण्याची शक्यता जास्त!

२०१९ च्या एप्रिल फूलच्या निमित्ताने टिंडरने 'हाइट व्हेरिफिकेशन बॅज'ची घोषणा केली. इमारतीशेजारी उभे राहा, फोटो काढा, अ‍ॅप तुमची उंची तपासणार. थट्टाच होती, पण तोवर कित्येकांचे सहा फूट चांगलेच डळमळले असणार.

थापाड्या प्रोफाईल ओळखायची एक भन्नाट खूण माहीत आहे का? 'मी' मोजा! टोमा आणि हॅनकॉक यांनीच २०१२ मध्ये दाखवून दिलं की जास्त थापा मारणारे स्वतःचं वर्णन आखूड ठेवतात आणि 'मी', 'माझं' कमी वापरतात. खोट्यापासून माणूस नकळत चार पावलं लांब उभा राहतो. पुढच्या वेळी 'लव्हज ट्रॅव्हल, लव्हज फूड, जस्ट आस्क' एवढीच बायो दिसली, तर खरंच विचारा!

पण थांबा, लगेच अख्ख्या जगाला खोटारडं ठरवू नका. २०१८ मध्ये डेव्हिड मार्कोविट्झ आणि हॅनकॉक यांनी मोबाइल डेटिंगमधले प्रत्यक्ष मेसेज तपासले. फसवे निघाले फक्त ७ टक्क्यांच्या आसपास. 'सॉरी, फोन सायलेंटवर होता' या जातीचेही बरेच! म्हणजे गप्पा मारताना माणसं बऱ्यापैकी खरी असतात. खोटी असते ती दुकानाची पाटी.

आता तो हार्वर्डचा पुरावा. इथे जरा सावकाश, कारण हा आजचा हिरो आहे.

२०१६. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या लेस्ली जॉन, केट बराझ आणि मायकल नॉर्टन यांनी लोकांसमोर दोन संभाव्य जोडीदार ठेवले. दोघांनी एक प्रश्नावली भरलेली. प्रश्न सगळे नाजूक. चोरी केली आहे का, जोडीदारापासून आजार लपवला आहे का, अशा धर्तीचे. एकाने सगळी उत्तरं दिली, आणि ती वाईट होती : 'हो, बरेचदा.' दुसऱ्याने त्यातल्या काही प्रश्नांवर 'उत्तर द्यायचं नाही' एवढाच पर्याय निवडला. डेटवर कोणाबरोबर जाल? बहुतेकांनी कबुली देणाऱ्याला निवडलं! वाईटातलं वाईट सांगणारा चालेल, पण गप्प बसणारा नको. संशोधकांचं म्हणणं असं की रिकामी जागा दिसली की वाचणारा ती स्वतः भरतो, आणि गप्प बसणाऱ्यावर त्याचा विश्वासच बसत नाही. कबुली देणारा निदान भरवशाचा वाटतो.

आपल्या भागात हे सांगायला संशोधक लागत नाही. मुलाच्या बायोडेटात 'नोकरी : खाजगी' एवढंच असलं, की मावशी पाच मिनिटांत चार निष्कर्ष काढते. चारही मुलाला महागात पडतात.

दोष सांगितल्याने भाव वाढतो, माहीत आहे का? वाढतो, पण अट आहे! १९६६ मध्ये एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने लोकांना क्विझची रेकॉर्डिंग ऐकवली. एक स्पर्धक हुशार, ९२ टक्के उत्तरं बरोबर. शेवटी त्याच्या अंगावर कॉफी सांडल्याचा गोंधळ ऐकू आला, आणि तो लोकांना आधीपेक्षा जास्त आवडला. दुसऱ्या टेपमध्ये सुमार स्पर्धकाने कॉफी सांडली, तर त्याचा भाव आणखी घसरला. म्हणून नुसती खोट नको, जोडीला काहीतरी दमदारही सांगा. 'स्वयंपाक उत्तम करते, पार्किंग अजिबात जमत नाही.' झकास! 'पार्किंग जमत नाही, बाकी काही खास नाही.' इथे कॉफी फुकट सांडली.

जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठात अ‍ॅना ब्रूक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये आणखी गोड गोष्ट शोधली. स्वतःची चूक कबूल करणं, प्रेम व्यक्त करणं, अंगावरचं व्यंग न झाकणं, हे आपण करायचं म्हटलं की कमजोरी वाटते. तेच दुसऱ्याने केलं की आपल्याला धाडस वाटतं! तुमच्या ज्या गोष्टीने तुमची झोप उडते, ती समोरच्याला बहुधा तुमच्याजवळ आणते.

आणखी एक ओकेक्यूपिडचा डेटा, २०११ चा. हा तर उलट्या खोपडीचा! सगळ्यांना 'बरी' वाटणाऱ्या मुलींपेक्षा काहींना खूप आवडणाऱ्या आणि काहींना मुळीच न आवडणाऱ्या मुलींना जास्त मेसेज आले. साइटचा सल्ला काय? जे तुम्हाला वेगळं दाखवतं ते झाकू नका, पुढे करा. टॅटू असेल तर दाखवा, टक्कल असेल तर टोपी काढा. टकलाला चमक आपोआप येते!

आता घरचा माल. मराठी बायोडेटाच्या फॉर्मवरचा एकमेव कबुलीचा रकाना कोणता, माहीत आहे का? चष्मा! रास, नक्षत्र, नाडी, गण, देवक, रक्तगट, वर्ण, उंची, शिक्षण, पगार, मामाचं गाव, एवढ्या लांबलचक कागदावर दोष म्हणावा असा हा एकच रकाना. 'चष्मा : आहे.' बस्स! राग येतो का, घोरणं आहे का, डोक्यावर कर्ज किती, आधी साखरपुडा मोडला होता का, यासाठी कुठे जागाच नाही. ते सगळं 'चौकशी'वर सोडलेलं. मग काका उठणार, त्या गावच्या पाव्हण्याला फोन लावणार, किराणा दुकानदाराला विचारणार. आपल्याकडे प्रामाणिकपणाचं खातं कायम शेजाऱ्यांकडे होतं. डेटिंग अ‍ॅपने ते काढून थेट तुमच्या हातात दिलं, आणि मला हा बदल मनापासून आवडतो.

वर्णाच्या रकान्याचं पुढे काय झालं, माहीत आहे का? जून २०२० मध्ये परदेशातल्या भारतीय वंशाच्या तरुणींनी आवाज उठवला, ऑनलाइन याचिका फिरली, आणि शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढून टाकला. 'निमगोरी' या पदवीला तिथे निरोप मिळाला. आनंदाने पाठवावा असाच निरोप! सावळा रंग ही खोट कधी नव्हतीच.

बंगळुरूच्या एका मुलीने २०१५ मध्ये कमाल केली. आई-वडिलांनी तिच्यासाठी लग्न जुळवणाऱ्या साइटवर जाहिरात टाकली. तिने स्वतःची वेबसाइट काढून उत्तर दिलं : चष्मा आहे, त्यात मी बावळट दिसते, केस कधीच लांब वाढवणार नाही, लग्नाला योग्य वगैरे तर मुळीच नाही! पोरीची ही साइट देशभर वाचली गेली आणि विचारणांचा पाऊस पडला. 'साधी, सरळ, सुशील' लिहून इतका पाऊस पडल्याचं ऐकिवात नाही.

अमेरिकेत याच कल्पनेवर 'सेटल फॉर लव्ह' नावाची अख्खी साइट निघाली होती. छान दिसणारा फोटो टाका आणि छान न दिसणाराही. गुण लिहा, अवगुणही लिहा. २०१७ मध्ये तर 'हेटर' अ‍ॅप आलं. तुम्हाला काय आवडत नाही ते सांगा, तेच न आवडणारा माणूस ते शोधून द्यायचं. कारल्यावरून जुळलेली गोड जोडी!

आता महाराष्ट्राचा खरा अभिमान. जिथे पहिल्याच ओळीत सगळ्यात अवघड गोष्ट सांगायची असते, अशी विवाहविषयक साइट आपल्या राज्यातल्या माणसाने काढली, माहीत आहे का? राज्याच्या परिवहन खात्यातले अधिकारी अनिल वळीव यांनी २००६ मध्ये 'पॉझिटिव्ह साथी' सुरू केली, एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी. आजार हा दोष नाही, पण तो सांगायची भीती माणसाला पार एकटं पाडते. इथे ती भीती दारातच उतरवून ठेवायची. एचआयव्ही असणं हीच प्रवेशाची अट! लपवायला काही उरलंच नाही, की बोलणं आवडीनिवडींवर येतं, मुलांवर येतं, पुढच्या आयुष्यावर येतं. आरटीओ म्हणजे लायसन्सची रांग एवढंच डोक्यात असेल, तर हे नाव लक्षात ठेवा.

पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ काढलं. साठीनंतर जोडीदार शोधायचा, तर बीपी, शुगर, गुडघे, मुलं-सुना आणि फ्लॅट कोणाच्या नावावर, हे सगळं चहाच्या पहिल्या कपालाच टेबलावर. विशीतल्यांनी क्लास लावावा असे हे सीनियर्स!

आणि इतिहासातलं एक पान, आदराने. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांनी आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभं केलं, त्यांचं डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत लग्न झालं. ओळख झाली मुंबईत. बाबासाहेबांना मधुमेहासह बऱ्याच व्याधी होत्या, वयात जवळपास अठरा वर्षांचं अंतर होतं, आणि यातलं काहीही झाकलेलं नव्हतं. समोरची व्यक्ती स्वतः डॉक्टर! डॉ. कबीर, म्हणजेच माईसाहेब, यांच्या आत्मचरित्रात हे सगळं त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळतं. एवढा मोठा माणूस आपलं वय आणि आजारपण समोर ठेवून लग्नाचं विचारतो. आपल्याला मग खरी उंची सांगायला कसलं जड जातं?

तोंडी लावायला थोडा मकबरा. बीबी का मकबरा सतराव्या शतकात उभा राहिला, औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ. खर्च साधारण ६ लाख ६८ हजार रुपये सांगतात, ताजमहालाच्या कितीतरी पट कमी. संगमरवर मोजक्याच ठिकाणी, बाकी बरंचसं काम काळ्या दगडाचं आणि गुळगुळीत गिलाव्याचं. लोक येतात, ताजशी तुलना करतात, आणि संध्याकाळच्या उजेडात सेल्फी घेऊन खूश होऊन जातात. गिलावा गिलाव्यासारखा दिसला म्हणून कोणाचं काही बिघडलेलं नाही!

आता कायद्याचा ब्रेक. स्क्रोल करू नका, कामाचं आहे.

लग्न ठरवताना महत्त्वाची गोष्ट लपवली तर लग्न रद्द होऊ शकतं, माहीत आहे का? हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम १२. गंमत बघा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितलं होतं की लग्नाआधी अपस्माराचा आजार न सांगणं ही कायद्याच्या अर्थाने फसवणूक ठरत नाही. मग १९७६ ची दुरुस्ती आली आणि जोडीदाराबद्दलची कोणतीही 'महत्त्वाची वस्तुस्थिती' त्या कलमात बसली. पण घड्याळ चालू असतं. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतरही राजीखुशीने एकत्र राहिलात तर तो हक्क जातो.

डेटिंगपुरतं बोलायचं, तर भलत्याच्या नावाने, भलत्याच्या फोटोने ऑनलाइन फसवणाऱ्याला आयटी कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ६९ आणखी कडक. लग्न करायचा इरादा नसताना तसं वचन देऊन किंवा ओळख लपवून लग्न करून शरीरसंबंध ठेवले, तर दहा वर्षांपर्यंत. 'सिंगल' लिहिणाऱ्या विवाहितांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने मॅट्रिमोनिअल साइट्सना सूचना दिल्या : नोंदणी करणाऱ्याकडून ओळखीचा पुरावा घ्या, आणि ही साइट डेटिंगसाठी नाही हे स्पष्ट लिहा. शासनदरबारी कांदेपोहे वेगळे आणि कॉफी वेगळी!

मग सगळंच सांगून टाकायचं का? नाही हो! २००७ मध्ये मायकल नॉर्टन, जीना फ्रॉस्ट आणि डॅन एरियली यांनी दाखवलं की एखाद्याबद्दल जितकं जास्त कळत जातं, तितका तो सरासरीने कमी आवडत जातो. कारण एक जरी न पटणारी गोष्ट दिसली, की पुढचं सगळं त्याच चष्म्यातून दिसतं. नॉर्टन म्हणजे वरच्या हार्वर्डच्या अभ्यासातलेच, बरं का! दोन्ही एकत्र ठेवा, म्हणजे रेसिपी तयार. यादी नको, लपवाछपवी नको. विचारलं की खरं सांगा, आणि समोरच्याच्या निर्णयावर परिणाम करणारं न विचारताही सांगा.

माझ्या मते वाटणी सोपी आहे. बायोत टाका गमतीची खोट : 'सकाळचा चहा होईपर्यंत माझ्याशी बोलू नका', 'वेळ पाळणं शिकतोय', 'नान-खलिया दिसला की डाएट विसरते'. पहिल्या-दुसऱ्या भेटीत सांगा जड गोष्टी : आधीचं लग्न, मूल, कर्ज, व्यसन, दीर्घ आजार. आणि कुठेच टाकू नका : घरचा पत्ता, बँकेचे डिटेल्स, ओटीपी, खासगी फोटो. भेटीच्या आधीच पैसे मागणारा प्रामाणिक असूच शकत नाही. असा कोणी भेटला तर सायबर हेल्पलाइन १९३०. नंबर सेव्ह करा, आत्ताच.

एक मनापासून. समोरच्याने आपली खोट सांगितली, की स्क्रीनशॉट मारून ग्रुपवर टाकू नका. त्या मुलीने 'मला पॅनिक अटॅक येतात' लिहायला किती रात्री घेतल्या असतील, त्या मुलाने 'मी अडखळत बोलतो' टाइप करून किती वेळा खोडलं असेल, ते आपल्याला दिसत नाही. नाही जुळलं तर नम्रपणे 'नाही' म्हणा. खरं बोलणाऱ्याला एकदा जरी हसलात, तर पुढच्या वेळी तो सहा फुटांचाच होऊन येणार!

तर मंडळी, आज रात्री अ‍ॅप उघडा. गॉगलवाला गोव्याचा फोटो काढा, या वर्षीचा लावा. उंची टेप लावून लिहा. बायोत एक गुण आणि एक खरी खोट, दोनच ओळी. मग करा स्वाइप!